अश्वत्थाचे जानवे

राजलक्ष्मीबाईंनी त्या सकाळी औषध घेतले नाही, की पेजेलाही तोंड लावले नाही. खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे पाहत त्या एवढेच म्हणाल्या, "आज चैत्री पौर्णिमा कीं. पान घेऊन या. बेगीन या."

उशाशी बसलेल्या गोपालकृष्णरावांनी मान हलवली. पान कोणते हे त्यांना विचारावे लागले नाही. दरवर्षी या तिथीला ते खंदकाकाठच्या आपल्या अश्वत्थाकडे जात, सर्वांत कोवळे, अजून तांबूस असलेले एक पान घरी आणत, आणि राजलक्ष्मीबाई ते दोन्ही डोळ्यांना लावून देवापुढे ठेवत. यंदा मात्र त्या पानाचे काम वेगळे होते. इस्पितळातल्या डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हणून सांगितले, त्या दिवशी वाटेतच त्यांनी पतीकडून शब्द घेतला होता. शेवटचे पाणी त्या पानावरून तोंडात घालायचे. म्हणजे ते मुलाच्या हातचे होईल.

मूल म्हणजे तेच झाड. लग्नाला पुष्कळ वर्षे लोटली, दोन लेकरे जन्मताच गेली आणि पुढे कूस उजवलीच नाही, तेव्हा तंजावरातल्या मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना अश्वत्थ लावायला सांगितले. खंदकाच्या पडक्या पायऱ्यांजवळ दोघांनी मिळून रोप लावले. राजलक्ष्मीबाई घरून कळशी घेऊन जात आणि त्याला पाणी घालत. सातव्या वर्षी, अशाच एका चैत्री पौर्णिमेला, त्या झाडाची मुंज झाली. ब्राह्मण बसले, होम झाला, गोपालकृष्णरावांनी पित्याच्या नात्याने त्याला मंत्र सांगितला आणि हळदीने माखलेले सुताचे जानवे डाव्या फांदीच्या बेचक्यातून तिरपे खाली आणून उजव्या अंगाला बांधले. पुढे शेजारच्या कडुनिंबाशी त्याचे लग्नही लावले. मुंज झालेला अश्वत्थ पुत्राच्या ठिकाणी असतो, ही त्यांची निष्ठा होती, आणि एका संस्कृत पाठशाळेत जन्मभर शिकवलेल्या त्या गृहस्थांनी तिच्याकडे कधी संशयाने पाहिले नव्हते. दर श्रावणीला ते आधी स्वतःचे जानवे बदलत आणि मग ओल्या पंच्यानेच खंदकाकडे जाऊन त्याचे बदलत.

"मामा, मी येऊ का बरोबर?" भारतीने विचारले. ही त्यांच्या बहिणीची मुलगी. पापनाशमला शिक्षिका होती. मामीचे कळल्यापासून रजा घेऊन येथेच राहिली होती.

त्यांनी नको म्हटले. मामीजवळ कुणीतरी हवे. अंगावर सदरा चढवला, उपरणे घेतले आणि कोपऱ्यावरून ऑटो केली. गेल्या चैत्रानंतर त्यांचे तिकडे जाणे झाले नव्हते. आधी गुडघे आणि मग राजलक्ष्मीबाईंचे दुखणे. गेल्या वर्षी पाने फार थोडी होती, एकाच फांदीला होती, हे त्यांना वाटेत आठवले. तेव्हा पाऊस कमी झाला असेल म्हणून त्यांनी ते मनावर घेतले नव्हते.

ती जागा आता उद्यान झाली होती. कमानीपाशी तिकीट होते, पिशवी उघडून पाहणारा पहारेकरी होता, आणि फूल, हळद, तेल, कापूर यांपैकी काहीही आत नेऊ नये अशी तमिळ पाटी होती. गोपालकृष्णरावांनी रिकामे हात दाखवले आणि ते आत गेले.

उद्यान सुंदर होते. हे त्यांना कधीच नाकारता आले नव्हते. जो कोणी कमानीतून पाऊल आत टाकील, त्याच्या दृष्टीला कुठे थांबायचे आणि कुठे वळायचे हे आधीच ठरवून दिलेले होते. दोन्ही अंगांना एकाच उंचीचे ताड ओळीने उभे होते. मधल्या हिरवळीवर पाय ठेवायचा नव्हता. दगडी भिंतीवरून पाण्याची पातळ चादर उतरत होती आणि खालच्या कुंडातून पंपाने पुन्हा वर चढत होती. झुडपे कातरून त्यांचे हत्ती केले होते. खडकांसारख्या दिसणाऱ्या सिमेंटच्या ढेपांतून वीणा वाजत होती. आणि या सगळ्याच्या शेवटी, जणू त्याच्याचसाठी आकाश मोकळे ठेवले होते असे, बृहदीश्वराचे विमान, गाभाऱ्यावरचे ते उत्तुंग शिखर, दिसत होते.

येथे पूर्वी काय होते हे गोपालकृष्णरावांना ठाऊक होते. पुंगाची, म्हणजे करंजाची, वेडीवाकडी झाडे, परटांचे दगड, शेळ्या, आणि अश्वत्थाच्या मुळाशी नि:संतान बायकांनी बसवलेल्या नागशिळा, हळदकुंकवाने आणि तेलाने काळवंडलेल्या. त्या जागेत शोभा नव्हती. परंतु तेथे जे उगवले ते आपापल्या कारणाने उगवले होते, आणि जे मेले तेही आपल्या कारणाने मेले होते. येथे प्रत्येक झाडाला जागा आधी मिळाली होती आणि आयुष्य मागून. प्राचीन राजांचीही उपवने होती, त्यांतही आखणी होती, हे ते जाणत होते. पण त्या उपवनांत माळ्याने झाडाला काही विचारले असेल असे त्यांना मनापासून वाटे. तो भ्रमही असू शकेल.

नागशिळा आता वाटेच्या डाव्या हाताला, पांढऱ्या खडीवर एका रांगेत उभ्या होत्या. कशानेतरी घासून त्या स्वच्छ केल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पायाशी जमिनीत एक दिवा पुरला होता. त्यांतली एक राजलक्ष्मीबाईंनी बसवलेली होती. कोणती, हे त्यांना आता ओळखता येत नसे. दरवेळेप्रमाणे त्यांनी सगळ्यांनाच हात जोडले आणि पुढे गेले.

वळणावर झाड दिसले, आणि गोपालकृष्णराव जागच्या जागी उभे राहिले.

सगळ्या उद्यानात तेवढेच एक उघडे होते. चैत्रातला अश्वत्थ म्हणजे तांबड्या पानांची नुसती सळसळ. येथे फांद्या होत्या, काटक्या होत्या, आणि त्यांच्यामधून विमान अधिकच स्पष्ट दिसत होते. एक मोठी फांदी मोडून गेलेली होती. बुंध्याभोवती पिवळी फीत गुंडाळलेली होती आणि बुंध्यावर लाल रंगाची फुली होती.

फितीजवळ दोघे बोलत उभे होते. एक सतीशकुमार, उद्यानाचा देखरेख्या, जो त्यांना ओळखत होता. दुसरा प्रणवेश. हे उद्यान आखणारा तो चेन्नईचा वास्तुकार; पुढे आलेल्या कपाळाचा, मृदू बोलण्याचा मनुष्य. त्याने त्यांना पाहिले आणि लगबगीने पुढे येऊन वाकून नमस्कार केला. त्यांना आधी कळवायला हवे होते, असे तो म्हणाला. गेल्या आठवड्यात फांदी कोसळली. सुदैवाने खाली कोणी नव्हते. मुळांना बुरशी लागली असावी. शहरातल्या झाडांना लागते. उद्या सकाळी झाड उतरवायचे ठरले होते. त्याच जागी तो पूर्ण वाढलेला सोनचाफा आणणार होता, फार उंच न होणारा, म्हणजे विमान झाकले जाणार नाही.

गोपालकृष्णरावांनी ते सगळे ऐकून घेतले. मग फीत उचलून ते आत शिरले. सतीशकुमार अडवायला पुढे झाला, पण प्रणवेशने त्याला हाताने थांबवले.

झाडाभोवती चकचकीत काळ्या दगडाचा पार होता. तो त्यांच्याच मागणीवरून झाला होता. उद्यानाची आखणी चालू असताना प्रणवेश त्यांच्या घरी आला होता, तो दिवस त्यांना जसाच्या तसा आठवत होता. हातात नकाशे होते. त्याने फार आदराने सांगितले होते, की बाकीची झाडे जातील, पण हा अश्वत्थ राहील. एवढेच नव्हे, तर तो उद्यानाचे हृदय होईल, आणि त्याच्याखाली संस्कृतात शिलालेख असेल, तो आपण रचून द्यावा. मात्र दोन गोष्टी होत्या. कडुनिंब विमानाच्या आड येत होता. आणि झाडाला दरवर्षी सूत बांधायचे, ते कुजून लोंबायचे, हे चालणार नव्हते. ज्याला त्याला काहीतरी बांधावेसे वाटेल. यावर त्यानेच तोड काढली होती. जानवे राहू द्यावे, पण तांब्याच्या तारेचे, एकदाच, कायमचे. ते उन्हात चमकेलही.

कडुनिंबासाठी राजलक्ष्मीबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. सून कुणी अशी काढून देतं का, एवढे बोलून त्या आत गेल्या. जानव्याविषयी मात्र त्यांनी तोंड उघडले होते.

"जानवं दर वर्षी बदलायचं असतं हो. पोर वाढतो, जानवंही नवं घालायचं."

त्यावर गोपालकृष्णरावांनी त्यांना शास्त्र समजावून सांगितले होते. सूत विटाळते, म्हणून ते बदलायचे. धातूला विटाळ नाही. जे अशुद्धच होत नाही ते बदलण्याचे प्रयोजन काय? आधार त्यांनी काढला, तो चुकीचा नव्हता. राजलक्ष्मीबाईंना संस्कृत येत नव्हते. त्या गप्प राहिल्या. उद्घाटनाच्या दिवशी स्वतः गोपालकृष्णरावांनी शिडीवर चढून, मंत्र म्हणून, झळझळीत तांब्याचे जानवे त्याच्या अंगावर घातले, गाठ पक्की पिळून घेतली, आणि खाली जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या श्रावण्यांना ते केवळ आपलेच जानवे बदलून घरी बसत.

आता ती तार कुठे दिसत नव्हती. चोरीला गेली असावी, असे सतीशकुमार मागून म्हणाला. तांबे आहे, कोण सोडील. गोपालकृष्णरावांनी बुंध्यावर तळहात ठेवला. साल कोरडी होती आणि दाबल्यावर आत पोकळ वाजली. हात हळूहळू वर नेताना त्यांना एक उंचवटा लागला, सालीचा जाड ओठ वळावा तसा. तो आडवा नव्हता. तो उजव्या कुशीपाशी सुरू होऊन तिरपा वर, छातीवरून, डाव्या फांदीच्या बेचक्याकडे चढत होता. ही वाट त्यांच्या बोटांना पाठ होती. हळदीच्या बोटांनी ती त्यांनीच आखली होती, आणि कितीतरी श्रावणींना ती पुन्हा पुन्हा गिरवली होती.

बेचक्यापाशी दोन ओठ नीट मिटले नव्हते. टाचा उंचावून त्यांनी तेथे बोट घातले. आत खोलवर नखाला काही टणक लागले. बोट बाहेर काढले तेव्हा त्यावर हिरवट गंज होता.

ते पाराच्या कडेवर बसले. काही वेळ त्यांना वीणा ऐकू येईनाशी झाली. झाड वाढत राहिले होते. ज्याला वाढू नकोस असे कोणी सांगितले नव्हते, ते वाढत राहिले. आणि जे वाढणार नव्हते ते त्याच्या अंगात रुतत गेले. खालचा रस वर जाईना, वरचा खाली येईना. एका दिवसात झाले नसेल. एकेक फांदी सुटली असेल, आणि ते घरी बसून त्याच्या आयुष्यासाठी संध्येच्या वेळी पळीभर पाणी सोडत असतील.

प्रणवेश शेजारी येऊन उभा राहिला. गोपालकृष्णरावांनी आपले हिरवे बोट त्याला दाखवले.

"चोरीला नाही गेलं," ते तमिळमध्ये म्हणाले. "आतच आहे."

प्रणवेशला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने बुंध्याकडे पाहिले, खालपासून वरपर्यंत, आणि त्याचा चेहरा बदलला. सल्ला आपला होता, असे तो हळू आवाजात म्हणाला.

"गाठ माझी होती."

सतीशकुमार पक्कड आणायला धावला. पण बेचक्यात जेवढी तार दिसत होती तेवढीच पकडीत येई, आणि ओढली की सालीचे पापुद्रे गळून पडत. दोनदा ओढल्यावर गोपालकृष्णरावांनी त्याला थांबवले. गेलेल्याच्या अंगावरचे जानवे काढत नाहीत. ते देहाबरोबर जाते. एवढे मात्र त्यांनी विचारले, की लाकूड कुठे जाईल. ओरत्तनाडूच्या वाटेवरची एक वीटभट्टी नेते, असे सतीशकुमारने सांगितले, आणि सांगून झाल्यावर त्याने खाली पाहिले.

"म्हणजे अग्नी मिळेल," गोपालकृष्णराव म्हणाले. त्यांनी झाडाला नमस्कार केला नाही. बापाने मुलाला नमस्कार करायचा नसतो. कपाळ मात्र क्षणभर सालीला टेकवले, आणि ते निघाले.

कमानीबाहेर, रस्त्याकडेच्या गटाराच्या भिंतीतून एक पिंपळ उगवला होता. त्याला कोणी लावले नव्हते. सांडपाण्यावर वाढलेले ते हातभर रोप होते, आणि त्याला चार-पाच पाने होती, कोवळी, तांबूस, उन्हात आरपार दिसणारी. गोपालकृष्णराव त्याच्यापाशी थांबले. राजलक्ष्मीबाईंचे डोळे आता अंधुक झाले होते. पानाला ओळख नसते. आणि ती जे मागत होती ते तरी काय होते? निश्चिंत जाणे. ते त्यांना देता येत होते. त्यांनी एक पान खुडले, सदऱ्याच्या खिशात जपून ठेवले आणि ऑटोला हात केला.

ऑटो बाजारातून चालली होती तेव्हा ते मनाशी बोलण्याची तयारी करत होते. पान आणले. छान फुटलाय यंदा. एवढेच म्हणायचे. जन्मभर त्यांनी मुलांना मोठमोठी वाक्ये अन्वय लावून शिकवली होती, आणि ही दोन वाक्ये त्यांच्या जिभेवर बसत नव्हती. त्यांना पुन्हापुन्हा आठवत होते ते त्या दिवशीचे तिचे गप्प राहणे. शास्त्र सांगून त्यांनी तिला एकदा गप्प केले होते. आता पान दाखवून पुन्हा करायचे होते, आणि या वेळी कायमचे.

घराच्या पुढच्या दाराशी ते उतरले, पण आत गेले नाहीत. बाजूच्या बोळातून मागे परसात आले. विहिरीच्या कठड्यावर त्यांनी उपरणे ठेवले नाही की सदरा काढला नाही. फक्त खिशातले पान काढून कठड्यावर ठेवले. मग पोहरा सोडला, भरून वर ओढला आणि अंगावरच्या सगळ्या वस्त्रांनिशी डोक्यावर ओतला. पुन्हा सोडला. पुन्हा ओतला. आवाज ऐकून भारती स्वयंपाकघराच्या दारात आली. आप्त गेल्याचे कळले की असे अंगावरच्या वस्त्रांनिशी स्नान करतात, हे तिला ठाऊक होते. ती पापनाशमच्या नात्यातली एकेक माणसे मनात मोजू लागली असावी. तिने कोण म्हणून विचारले, तेव्हा तिचा आवाज घाबरा झाला होता. मामांनी सांगितले नाही. निथळत ते तिच्यासमोरून आत गेले.

राजलक्ष्मीबाई दाराकडेच पाहत होत्या. धोतरातून पाणी गळत होते आणि फरशीवर त्यांच्या पायांभोवती थारोळे होत होते. डोळे अंधुक झालेल्या त्या बाईला तेवढे दिसले.

"कधी?" त्यांनी विचारले.

"ठाऊक नाही. हळूहळू."

"तारेनं?"

गोपालकृष्णरावांनी मान खाली घातली. त्या रागावल्या असत्या, तर बरे झाले असते. पण त्यांनी केवळ डोळे मिटले, आणि सुरकुतलेला हात पांघरुणावरून फिरवत राहिल्या, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"ओल्यानं उभे नका राहू," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "आधी मलाही न्हाऊ घाला."

भारती पुढे झाली. मामी, डोक्यावरून पाणी नक्को, डॉक्टरांनी बजावलंय, अंग पुसून घेऊ, असे ती समजावू लागली. राजलक्ष्मीबाईंनी तिच्याकडे पाहिलेही नाही.

"आई आहे मी त्याची. सुतक मलाही आहे."

मग दोघांनी मिळून त्यांना उचलले. वजन असे काही उरलेच नव्हते. परसात वेताची खुर्ची मांडली, तिच्यात त्यांना बसवले. भारती मागून खांदे धरून उभी राहिली. ती रडत होती, पण तिने हात सोडले नाहीत. गोपालकृष्णरावांनी पोहरा वर ओढला. उन्हाळ्याच्या दिवसांतही विहिरीचे पाणी थंड होते. त्यांनी पितळी चेंबू बुडवला आणि तो हातात घेऊन पत्नीसमोर उभे राहिले.

कठड्यावरच्या पानाकडे राजलक्ष्मीबाईंचे लक्ष गेले. तांबूस होते म्हणून दिसले.

"ते कुणाचं?"

"कुणाचं नाही. गटाराच्या भिंतीवरचं."

त्यांनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि मान वळवली.

"आता माझं पाणी कोण घालणार?"

"मी."

"आणि तुमचं?"

बोळातून कुणाची तरी मोटरसायकल गेली. गोपालकृष्णरावांनी चेंबू वर उचलला, दुसऱ्या हाताने त्यांच्या कपाळावरचे विरळ केस मागे सारले, आणि पहिली धार अगदी हळू, नवजात मुलाला घालतात तशी, टाळूवर धरली.